खेळाडू मुलाचा करार आणि तुमची सही



मागच्या वर्षी आमच्या शाखेत एक गृहस्थ वैयक्तिक कर्जासाठी आले. मुलगी 14 वर्षांची, बॅडमिंटन खेळते. अकादमीची फी भरायची होती. कागदांत अकादमीचा करारही होता, म्हणून वाचला. मुलीने पाच वर्षांच्या आत अकादमी सोडली, तर प्रशिक्षणाचा सगळा खर्च परत करायचा. वडिलांनी दोन सह्या केल्या होत्या. एक पालक म्हणून, दुसरी जामीनदार म्हणून. दुसरीचा अर्थ त्यांना कुणी सांगितलाच नव्हता.

1872 च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे 18 वर्षांखालचे मूल करार करू शकत नाही. तसा करार मुळातच रद्दबातल, असे न्यायालये 1903 पासून मानत आली आहेत. म्हणजे वसुली मुलीकडून होत नाही. पण जामीनदार सज्ञान असतो. त्याचा पगार, त्याची बचत हाताशी असते.

आणि करार टिकत नाही, याचा फटका मुलालाही बसतो. 1940 च्या दशकात मुंबईत एका अल्पवयीन मुलीसाठी तिच्या वडिलांनी चित्रपटाचा करार केला. निर्मात्याने काम दिले नाही. मुलगी उच्च न्यायालयात गेली आणि हरली; वडिलांनी केलेला करार तिच्या उपयोगी पडला नाही. म्हणून कबूल केलेल्या मानधनाच्या भरवशावर घराचा हप्ता ठरवू नका.

13 वर्षांच्या वैभव सूर्यवंशीला 2024 मध्ये राजस्थान रॉयल्सने 1.10 कोटींना घेतले, तेव्हापासून पालक विचारतात, असे पैसे कुणाचे? मुलाचेच. बक्षिसाची रक्कम त्याच्या नावाच्या खात्यातच भरा. स्वतःच्या कौशल्यावर मिळवलेले उत्पन्न पालकांच्या उत्पन्नात धरत नाहीत. ते करपात्र असेल तर मुलाच्या पॅनवर विवरणपत्र भरायचे, सही तुमची. त्याच पैशांच्या मुदत ठेवीवरचे व्याज मात्र आईवडिलांपैकी ज्याचे उत्पन्न जास्त, त्याच्या उत्पन्नात मिळवतात. इथेच बहुतेकजण चुकतात.

ते गृहस्थ करार घेऊन परत अकादमीत गेले. जामिनाचे कलम निघाले नाही, पण अकादमीने मर्यादा लिहून दिली: ज्या वर्षी मुलगी सोडेल त्या वर्षाची फी, त्याहून एक रुपयाही जास्त नाही. तो कागद फाइलला लागल्यावरच मी कर्जाचा अर्ज पुढे पाठवला.