ट्रॅक्टर केवढा, आणि कुणाच्या नावावर?
(परभणी जिल्ह्यातील महिला मेळाव्यात केलेले भाषण)



मी जिंतूर तालुक्यातली. चार एकर काळं रान, त्यात कापूस आणि तूर. बैलजोडी विकली तेव्हा घरात ट्रॅक्टरचा विषय निघाला. पुरुषमंडळी म्हणाली, घ्यायचा तर 45 एचपीचाच, गावात शोभला पाहिजे. मी विचारलं, वर्षभर आपल्याला काम कोणतं? कोळपणी, फवारणी, थोडी वाहतूक. आमच्या कापसाच्या दोन ओळींत अंतर चार फूट. मोठा ट्रॅक्टर त्यात शिरेल का? 15 ते 20 एचपीचा, तीन फुटांच्या आत रुंदीचा शिरतो. शिवाय ओल्या काळ्या रानात जड चाकं माती दाबतात. खोल नांगरटीला लहान ट्रॅक्टर पुरत नाही हे खरं. पण ती उन्हाळ्यात एकदाच. ती भाड्यानं करून घ्यावी. म्हणून खरेदीआधी टेप घेऊन जा, चाकांची बाहेरून बाहेर रुंदी स्वतः मोजा.

आकार माझ्या म्हणण्याप्रमाणे ठरला. मग अनुदान. यांत्रिकीकरणाच्या योजनेत महिला शेतकऱ्याला ठरावीक मर्यादेत 50 टक्क्यांपर्यंत मिळतं. अर्ज भरायला बसले, तर सातबारा नवऱ्याचा! निंदणी माझी, वेचणी माझी, आणि कागदावर मी शेतकरीच नाही. शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची हाक देऊन तीस वर्षं उलटली, तरी ही गत.

घरात भांडण झालं. शेवटी एक एकर बक्षीसपत्रानं माझ्या नावे झाला, मगच अर्ज केला.

बायांनो, ट्रॅक्टर पाहायला जाण्याआधी आपला सातबारा पाहा.