लंगोट, डायपर आणि शीशूची सवय
(मंडळाच्या वर्धापनदिनी डिंभे येथे दिलेले भाषण)



चिटणीसबाईंनी भाषणाचा विषय विचारला तेव्हा मी ‘लंगोट’ असे सांगितले, आणि त्या हसल्या. वर्धापनदिनी काहीतरी भारदस्त बोलावे अशी रीत आहे खरी. पण यंदा आपल्यातल्याच दोन घरांत या गोष्टीवरून सासवा-सुनांचे केवढे वाजले, ते इथे बसलेल्या पुष्कळजणींना ठाऊक आहे. नातू तीन वर्षांचा झाला तरी डायपर सुटत नाही. मग अंगणवाडीत पाठवावा कसा? सासू म्हणते, हा सुनेचा आळस. सून म्हणते, तुमच्या काळचे तुमच्यापाशी. मी बावीस वर्षे अंगणवाडी चालविली, तेव्हा दोन्ही बाजूंचे ऐकण्याचा मला सराव आहे.

आधी आपली रीत पाहू. बाळोती म्हणजे जुन्या सुती लुगड्यांचे मऊ तुकडे. ओले झाले की मूल रडे आणि कोणीतरी उठून बदली. मूल मान धरू लागले की आजी पाय पसरून बसे, त्याला आपल्या पावलांवर बसवी आणि तोंडाने ‘शूऽऽ’ असा आवाज करी. झोपून उठल्यावर एकदा, पाजल्यावर एकदा, असा तो क्रम. आता यात कोण शिके, हा प्रश्नच आहे. माझ्या मते सुरुवातीला मुलापेक्षा आजीच जास्त शिके. मुलाची वेळ तिला कळू लागे.

ही रीत आपलीच एकट्याची नाही बरे का. आफ्रिकेतल्या केनियात डिगो नावाचे लोक आहेत. त्यांच्यातल्या आया जन्मानंतर थोड्याच आठवड्यांत मुलाला पायांमध्ये धरून असाच आवाज करतात, आणि पाच-सहा महिन्यांचे मूल बरेचसे कोरडे राहू लागते, असे डीव्हरीज पतिपत्नींनी १९७७ साली लिहून ठेवले आहे. मात्र त्या आयांजवळ मूल दिवसभर अंगालगत असते, हेही त्यांनीच लिहिले आहे.

आता शरीराचे पाहू. तान्हे मूल दिवसाकाठी वीसेक वेळा शू करते, आणि ती आपोआप होते. पिशवी भरल्याची जाणीव होणे, ती थोडा वेळ धरून ठेवणे आणि मोठ्या माणसाला सांगणे, या तिन्ही गोष्टी साधारण दीड ते अडीच वर्षांच्या दरम्यान जुळून येतात. लंगोटातल्या मुलाला शू झाली की पायावरून ओघळ येतो, गार लागते, ते खाली बघते. ‘आत काहीतरी वाटले, मग हे झाले’ अशी सांगड त्याच्या मनात बसते. डायपरमध्ये नेमके हेच हरवते. १९८० नंतरच्या डायपरांत एक भुकटी असते. ती पाणी शोषून त्याची खळ करते. वरचा थर कोरडाच. मुलाला कळत नाही आणि आईलाही कळत नाही.

म्हणजे सगळा दोष डायपरचाच का? इतके सोपे नाही. १९५७ साली छापल्या गेलेल्या एका पाहणीत अमेरिकेतल्या आया अकराव्या महिन्याच्या सुमारास सवय लावायला घेत आणि दीड वर्षापर्यंत काम उरकीत. पुढे १९६२ साली डॉक्टर ब्रेझल्टन यांनी मुलाच्या कलाने घ्या, दीड वर्षाच्या आत घाई करू नका, असे सांगितले. त्यांच्या पाहणीतली मुले दिवसा कोरडी राहू लागली ती सरासरी साडेअठ्ठावीस महिन्यांची असताना. ‘पॅम्पर्स’ बाजारात आले ते १९६१ साली. तेव्हा ती मुले बहुतेक कापडी लंगोटांतच वाढलेली! म्हणजे वय आधी वाढले ते विचार बदलल्यामुळे. डायपरने ते लांबविणे सोयीचे केले. (हेच डॉक्टर १९९८ साली मोठ्या मुलांसाठी निघालेल्या डायपरच्या जाहिरातीत दिसले. आपण फक्त लक्षात ठेवावे.)

आणि आजीबाईंनी हेही ऐकावे. स्वित्झर्लंडमध्ये झुरिचला रेमो लार्गो यांनी दोन पिढ्यांची मुले पाहिली. पहिल्या पिढीतल्या आया बहुतेक सगळ्या वर्षाच्या आतच सुरुवात करीत; दुसऱ्या पिढीतल्या त्याहून पुष्कळ उशिरा. तरी लघवीवर पुरता ताबा येण्याचे वय फारसे बदलले नव्हते. लवकर बसविल्याने बाळोती कमी भिजतात, हा फायदा खरा. पण शेजारणीचा नातू सहा महिने आधी ‘सुटला’ म्हणून आपला मागासला, असे नव्हे.

सुनेची बाजूही बोलायला हवी. आपल्या मुली-सुना चाकणला, भोसरीला एका खोलीत राहतात. पाणी ठराविक वेळीच येते, दोरी बांधायला जागा नाही, आणि घरात पाय पसरून बसणारी आजी नाही. पावसाळ्यात इथे आपल्याकडे काय होते? आषाढात चार चार दिवस ऊन दिसत नाही. शेगडीवर टोपली पालथी घालून बाळोती वाळविल्याचा तो धुरकट वास अजून माझ्या नाकात आहे. ते कष्ट बाईचेच होते. म्हणून डायपर बांधणारीला आळशी म्हणणे मला मान्य नाही.

मग करावे काय? रात्री आणि एस्.टी.च्या प्रवासात डायपर असू द्यावा, दोन-तीन तासांनी तपासावा. दिवसा घरात लंगोट किंवा साधी चड्डी. मूल दोन तास कोरडे राहू लागले, कोपऱ्यात जाऊन बसू लागले, चड्डी ओढू लागले, की वेळ आली असे समजावे. उठल्यावर आणि जेवणानंतर बसवावे, पाच मिनिटांपेक्षा जास्त नाही. संडासाच्या मोठ्या भोकाची मुलांना भीती वाटते. लहान भांडे द्यावे किंवा आपल्या पावलांवर बसवावे. ती शी अंगणात किंवा ओढ्याला टाकू नये, संडासातच टाकावी; लहान मुलाच्या शीनेही जुलाब पसरतात. खडा होत असेल तर आधी ते बरे करावे, कारण दुखते म्हणून मूल धरून ठेवते. मारू नये, चारचौघांत लाजवू नये. रात्रीचे अंथरूण पाच वर्षांपर्यंत भिजले तर तो रोग नव्हे. पण कोरडे राहू लागलेले मूल पुन्हा भिजवू लागले, किंवा शू करताना रडले, तर डॉक्टरांना दाखवावे.

वापरलेल्या डायपरांचेही बोलते. २०१६ च्या घनकचरा नियमांत ते वेगळे गुंडाळून द्यायला सांगितले होते, आणि पुण्यात कचरा वेचणाऱ्या बायांनी त्यावर लाल ठिपका काढण्याची मोहीम चालविली, कारण उघडे डायपर त्यांनाच हाताने निवडावे लागत. आपल्याकडे ते घोड नदीच्या काठी आणि धरणाच्या पाण्याकडेला पडलेले मी पाहिले आहेत. ती भुकटी कुजत नाही, प्लास्टिकही नाही. कागदात गुंडाळून ठेवावे आणि गाडीत वेगळे द्यावे. गाडी येत नसेल तर ग्रामपंचायतीपुढे विषय मांडावा, मी बरोबर येईन.

आणखी एक. ज्यांच्या पेटीत जुनी सुती लुगडी पडून आहेत त्यांनी ती गुरुवारी मंडळात आणावीत. शिवणयंत्र आहेच. चौघडी घातलेले, नाडीचे लंगोट शिवू. माप मी कापून देते.