टेलेमार्कच्या खोऱ्यातून

पायांस लांब फळ्या बांधून बर्फावरून घसरत जाण्याची विद्या नॉर्वे देशात इतकी पुरातन आहे की तिचा आरंभ कोणा एकाच्या नावावर दाखल करणे व्यर्थ होय. शिकारी व लाकूडतोडे तिचा उपयोग पिढ्यान्‌पिढ्या करीत होते, आणि 1767 साली तर लष्करी शिपायांच्या स्पर्धांकरिता बक्षिसेही मुक्रर झाली होती. तथापि स्कीचा जो खेळ आज जगास ठाऊक आहे, त्याचे मूळ धुंडाळताना लष्करी दप्तरे फारशी उपयोगी पडत नाहीत. त्यासाठी टेलेमार्क प्रांतातील मॉर्गेडाल नामक खोऱ्यात, 1825 साली जन्मलेल्या सोंद्रे नॉरहाइम या दरिद्री कुळाच्या घरी जावे लागते.

तोवरच्या फळीस चवड्यापुरता एक पट्टा असे. सपाटीवर चालण्यास तेवढा पुरे. परंतु उतारावर वळू जावे किंवा उडी घ्यावी, तर फळी पायातून निसटलीच म्हणून समजावे. नॉरहाइमने वाळुंजाच्या फोकांचा पीळ टाचेमागून घेतला, फळी मध्यभागी किंचित निमुळती केली, आणि या फेरफारामुळे एक गुडघा वाकवून भर वेगात वळणे त्यास साध्य झाले. 1868 साली राजधानी क्रिस्तियानिया येथील स्पर्धेत, जेथील शहरी मंडळी लांब काठीवर भार टाकून जपून उतरत, तेथे चाळिशी उलटलेला हा खेडूत काठीवाचून उतरला आणि जिंकला.

आल्प्समध्ये हे वेड पसरले ते मुख्यत्वे फ्रित्यॉफ नान्सेन याच्यामुळे. त्याने 1888 साली ग्रीनलंड स्कीवरून ओलांडले व त्या प्रवासाचा ग्रंथ युरोपभर वाचला गेला. ऑस्ट्रियातील लिलियेनफेल्ड येथे माथियास झ्दार्स्की याने तो वाचून फळ्या मागविल्या, परंतु आल्प्सचे कडे काही टेलेमार्कच्या टेकड्या नव्हेत. तेव्हा त्याने फळी आखूड केली, धातूचे बंधन बसविले, आणि त्यावरून नॉर्वेच्या अभिमान्यांशी त्याचा कडाक्याचा वाद जुंपला. माझ्या मते दोघांचेही खरे होते, कारण फळीचा आकार अखेर डोंगरच ठरवितो.

नॉरहाइम मात्र या वादात नव्हता. तो 1884 सालीच कुटुंबासह अमेरिकेस गेला, आणि 1897 साली डाकोटाच्या सपाट माळरानावर वारला. 1952 साली ऑस्लो येथे हिवाळी ऑलिंपिक सामने भरले, त्यांची ज्योत मॉर्गेडाल येथे त्याच्याच घराच्या चुलीत प्रज्वलित करण्यात आली.