पुरेसें म्हणजे किती ? — रोमन कवि होरेस

मध्यममार्ग, संतोष आणि हातीं आलेल्या दिवसाचें सार्थक हा होरेसच्या काव्यांतील उपदेश दोन हजार वर्षें सुभाषितांप्रमाणें लोकांच्या तोंडीं आहे. सुखवस्तु मनुष्यानें संतोष शिकविणें सोपें, असा आक्षेप त्यावर सहज सुचतो. त्याचें उत्तर कवीच्या चरित्रांत आहे.

इ. स. पूर्वी ६५ मध्यें दक्षिण इटलींतील व्हेनूसिया गांवीं होरेस जन्मला. बाप एके काळीं गुलाम. मुक्त झाल्यावर लिलांवाच्या वसुलीचें काम करी. परंतु मुलाला त्यानें रोममध्यें उत्तम शिक्षण दिलें, आणि मुलगा बिघडूं नये म्हणून तो स्वतः त्याच्याबरोबर प्रत्येक शिक्षकाकडे जाई. अशा बापाचा मुलगा म्हणवून घेण्यांत होरेसला कधीं कमीपणा वाटला नाहीं. पुढें ४२ मध्यें फिलिप्पीच्या रणांगणावर ब्रूटसचा पक्ष हरला. होरेस त्याच पक्षाचा. तो परत आला तेव्हां वडिलार्जित घर व जमीन दोन्ही गेलीं होतीं. मग त्यानें सरकारी खजिन्यांत कारकुनी पत्करली व काव्यरचना आरंभिली.

व्हर्जिल कवीच्या शिफारशीनें सम्राट ऑगस्टसचा विश्वासू स्नेही मीसीनस याचा त्याला आश्रय मिळाला. सबाइन टेंकड्यांतील एक लहानसें शेतहि मिळालें. झरा, थोडी झाडी, शांत घर. त्याची इच्छा पूर्ण झाली. परंतु खरी कसोटी येथेंच होती.

एकदां पांच दिवसांची मुदत सांगून तो रोमबाहेर गेला व महिना लोटला तरी परतला नाहीं. या प्रसंगीं मीसीनसला लिहिलेल्या पद्यपत्रांत त्यानें एक गोष्ट सांगितली आहे. एक भुकेलेली कोल्ही अरुंद फटींतून धान्याच्या कणगींत शिरली. पोट भरल्यावर तिला बाहेर पडतां येईना. तेव्हां दुसऱ्या एका जनावरानें तिला सांगितलें कीं, शिरतांना होतीस तितकी बारीक हो, मगच सुटशील. ही गोष्ट आपल्याला लागू होत असेल तर मिळालेलें सर्व परत करण्यास आपण तयार आहों, असें होरेसनें त्या पत्रांत आपल्या उपकारकर्त्यास स्पष्ट कळविलें. मात्र कृतज्ञतेचा शब्द कोठेंहि सोडला नाहीं.

मीसीनसची मैत्री त्यामुळें तुटली नाहीं. पुढें खुद्द ऑगस्टसनें देऊं केलेली खाजगी चिटणिसीहि होरेसनें नम्रपणें नाकारली. इ. स. पूर्वी ८ मध्यें मीसीनसच्या मागोमाग तोहि वारला व त्याच्याच समाधीजवळ त्याला पुरण्यांत आलें.

होरेसचा संतोष हा दारिद्र्याचा गौरव नव्हे. चांगलें घर, मित्र, द्राक्षासव यांचा त्यानें आनंदानें उपभोग घेतला. बढती, मोठें घर, वजनदार माणसाची मर्जी यांचा मोह प्रत्येक संसारांत येतो. अशा वेळीं कणगींत शिरण्यापूर्वीं फटीची रुंदी पाहून ठेवावी, एवढेंच त्याचें सांगणें आहे.