पाण्याला बांधणारी गाठ



आजच्या विषयाचे नाव हायड्रोजेल. ते ऐकून आपणांपैकी काहींना वाटले असेल की, हे व्याख्यान प्रयोगशाळेतल्या मंडळींपुरतेच आहे. परंतु वसईकरांना हा विषय समजावून देण्यास पाचूबंदरच्या किंवा अर्नाळ्याच्या कोळ्याचे जाळे पुरेसे आहे. सुताचे सुटे धागे पाण्यात टाकले तर ते पांगतात. तेच धागे जागोजाग गाठी मारून विणले की जाळे होते. हायड्रोजेल हे असेच एक जाळे होय. त्याचे धागे म्हणजे रेणूंच्या लांबलचक साखळ्या, आणि त्यात सापडते ते पाणी. या साखळ्यांना पाण्याची ओढ असते, म्हणून जाळे पाणी पिऊन फुगते. गाठी मात्र त्याला मर्यादेबाहेर फुगू देत नाहीत. गाठी विरळ असतील तर जेल मऊ राहते, दाट असतील तर घट्ट होते.

या गाठी दोन जातींच्या असतात. चायना ग्रासची जेली गार झाली की जमते आणि तापवली की पातळ होते. तिच्या गाठी सैल, सुटणाऱ्या. उलट सायकलच्या ट्यूबचे रबर गंधकाने बांधलेले असते. ते तापवून पूर्ववत् पातळ होत नाही, कारण तेथे साखळी साखळीशी रासायनिक बंधाने जोडलेली असते. शरीरात किंवा शरीरावर जे जेल टिकावयाचे, त्याला बहुधा ही दुसरी गाठ लागते.

या गाठीचा महिमा प्रथम दाखवून दिला तो चेकोस्लोव्हाकियातील ओटो विख्टर्ले आणि द्राहोस्लाव्ह लिम यांनी. सन १९६० मध्ये त्यांनी शरीरोपयोगी जेलांवरचा आपला निबंध प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी, १९६१ च्या नाताळात, विख्टर्ले यांनी मुलांच्या खेळण्यातले सुटे भाग आणि सायकलचा डायनामो जोडून घरीच एक यंत्र उभारले आणि त्यावर डोळ्यांत घालावयाची मऊ भिंगे तयार केली. त्या पदार्थाचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग पाणीच होते, तरी ते अश्रूंत विरघळले नाही. ते गाठींनी धरून ठेवले होते.

दुसरे उदाहरण हायलुरोनिक आम्लाचे. हा पदार्थ आपल्या सांध्यांत आणि त्वचेत निसर्गतःच असतो. तो नुसता टोचला तर शरीर त्याला दोनचार दिवसांत मोडून टाकते; त्याच साखळ्यांना गाठी मारल्या की तो त्वचेखाली काही महिने टिकतो.

येथवर सारे ठीक दिसते. तथापि गाठ मारावयास कोणी तरी लागतो, आणि खरी अडचण तेथेच आहे. ग्लुटराल्डिहाइडसारखी द्रव्ये साखळ्यांना उत्तम बांधतात, पण त्यांचा न वापरलेला अंश जेलमध्ये उरला तर तो जिवंत पेशींना बाधतो. म्हणून असे जेल पुनःपुन्हा धुवावे लागते आणि धुतल्यावर तपासावेही लागते.

या अडचणीतून एक वाट मुंबईतच, ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात काढली गेली. कापडाच्या खळीत वापरतात ते पॉलिव्हिनिल अल्कोहोल पाण्यात विरघळवावयाचे आणि त्यावर किरणांचा मारा करावयाचा. किरणांनी पाण्याच्या रेणूंचे क्षणजीवी, तल्लख तुकडे होतात. ते साखळ्यांतला हायड्रोजन ओढून काढतात, आणि उघड्या पडलेल्या साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात. गाठ रासायनिकच, पण ती मारण्यासाठी वेगळे बंधक द्रव्य मिसळावे लागत नाही. शिवाय बंद पाकिटातले जंतूही त्याच किरणांनी मरतात. वैद्यकीय वस्तू गॅमा किरणांनी निर्जंतुक करणारा आयसोमेड प्रकल्प ट्रॉम्बे येथे १९७४ सालीच सुरू झालेला होता. केंद्राने या रीतीने भाजल्या-कापल्याच्या जखमांसाठी जेलपट्टी तयार केली आणि तिचे तंत्र उद्योगांना दिले.

आता कोणी विचारील, जखम कोरडी ठेवावी असे आमच्या आजीने सांगितले, आणि आपण ओली पट्टी लावावयास सांगता? यावर जॉर्ज विंटर यांनी १९६२ साली डुकरांवर प्रयोग करून उत्तर दिले. झाकून ओलसर ठेवलेल्या उथळ जखमेवर नवी त्वचा उघड्या, कोरड्या जखमेच्या सुमारे दुप्पट वेगाने आली. आजीचे भय अस्वच्छ पाण्याचे होते, आणि ते खरेच होते. जेलपट्टीतले पाणी निर्जंतुक असते.

मात्र जेलपट्टी म्हणजे डॉक्टर नव्हे. चटका बसला की प्रथम त्यावर वीस मिनिटे नळाचे गार पाणी सोडावे; टूथपेस्ट, शाई, हळद यांतले काही लावू नये; आणि भाजणे खोल असेल, किंवा रोगी मूल वा मधुमेही असेल, तर तडक रुग्णालय गाठावे.

नव्या औषधपट्टीची जाहिरात वाचताना ती किती पाणी धरते हे आपण अवश्य पाहावे. पण तिच्यातल्या गाठी कशाने मारल्या आणि मागे काय उरले, हेही डॉक्टरांना विचारावे. गाठ पक्की असावी, आणि गाठ मारणाऱ्याने मागे विष ठेवू नये, एवढी अपेक्षा बाळगण्याचा अधिकार प्रत्येक रोग्याला आहे.