मोटारीतील अग्निशामक

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनेक मोटारींत पितळी हातपंपाचे अग्निशामक असे. त्यातील कार्बन टेट्राक्लोराइडने ज्वाळा विझत. पण तापलेल्या द्रवातून फॉस्जीन हा विषारी वायू निर्माण होई. बंद गाडीत आगीपेक्षा उपायच घातक ठरण्याची भीती असे! आज ‘एबीसी’ कोरड्या भुकटीचे, भारतीय मानक १५६८३ ची खूण असलेले १ किलोचे नळकांडे मोटारीस उचित होय. आसनांचे कापड, पेट्रोल आणि विजेच्या तारा या तिन्हींच्या आगीवर ते चालते. मात्र त्याचा फवारा काही सेकंदांतच संपतो. म्हणून ते चालकाच्या हाताशी, धातूच्या पट्ट्याने घट्ट बसविलेले असावे; डिकीत सामानाखाली दडलेले नळकांडे असून नसल्यासारखेच. बॉनेट सताड उघडल्यास हवा मिळून आग भडकते. भुकटी फटीतूनच मारावी.