सिगारेट सुटली, चार किलो वाढले



हो, मी जाडी झालेय. तीन वर्षांपूर्वी सिगारेट सोडली आणि वर्षभरात चार किलो वाढले. बाईने हे माइकवर सांगायला आजही धीर लागतो, पण तारापूर एमआयडीसीत पाळ्या करणारे आपल्यातले काहीजण मला म्हणाले, “पोट सुटेल म्हणून सोडत नाही.”

भीती खोटी नाही. निकोटीन भूक मारतं, शरीराचा ऊर्जाखर्चही थोडा वाढवतं. ते थांबलं की पहिल्या वर्षात सरासरी चार-पाच किलो वाढतात, बरेचसे पहिल्या तीन महिन्यांत. तरीही हृदयाला होणारा फायदा त्याहून मोठा.

माझं मत, आधी सिगारेट, मग वजन. सोडल्या दिवशीच कडक डाएट नको; उपाशीपोटी तलफ जास्त छळते. तलफ पाच-दहा मिनिटांत ओसरते, तेवढ्यापुरते भाजलेले चणे नाहीतर काकडी जवळ ठेवा. घोलवडचा चिकू मोजूनच, गोड तो गोडच! नंतर मी भात निम्मा केला, बोंबील तळायचे सोडून कालवणात टाकले आणि बोईसर स्टेशनवरून रिक्षा बंद. दोन किलो उतरले.

पाकिटावरच मदतीचा मोफत नंबर छापलेला असतो, १८००-११-२३५६. तो रात्री आठला बंद होतो. रात्रपाळीवाल्यांनी मला फोन करा.